अठ्ठावन्नवर सही करू नकोस

प्रिय बारक्या,

हे पत्र एकटा असताना वाच. आईला टीव्हीवरच्या बातम्यांची पट्टी चष्मा लावूनही दिसत नाही, पण तुझ्या खांद्यावरून तुझा मोबाइल बरोबर वाचता येतो. खरं तर फोनच करायचा होता. पण फोनवर मी आधी जेवलास का विचारते, मग आईच्या गुडघ्यांकडे वळते, आणि मुद्द्याचं बोलायची वेळ आली की मला नेमकी मीटिंग आठवते. म्हणून लिहिते आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत बसले आहे. रविवारची सकाळ आहे, मशीनला बेचाळीस मिनिटं लागतात आणि या वेळी इथे कोणी फिरकत नाही.

बुधवारपर्यंत तुला आमच्या कंपनीच्या नोकरीच्या पत्रावर सही करायची आहे. करू नकोस. का ते सांगणार आहे, पण मला एकदम सांगता येत नाही, तू जरा धीर धर.

परवा तू ते पत्र कॅमेऱ्यासमोर नाचवत होतास. वर्षाला अठ्ठावन्न हजार, ताईपेक्षा तीनच हजार कमी, कंपनीने थोरल्या बहिणीचा मान राखला म्हणून हसत होतास. मागे आई कॅल्क्युलेटर घेऊन आपल्याकडच्या पैशांत गुणाकार करत होती आणि शून्यं मोजताना तिची बोटं चुकत होती. मीही हसले.

तो गुणाकार आधी पुसून टाक. नऊ वर्षांपूर्वी मीही तोच केला होता. इथला पगार इथेच खर्च होतो रे, तो इथल्याच भावाने मोजायचा. अठ्ठावन्नातला जवळजवळ तिसरा हिस्सा कर आणि विम्यात जातो. उरलेल्यातला निम्मा भाड्यात. माझी खोली एवढी आहे की पलंगावर बसल्या बसल्या हात लांब केला की शेगडीवरचं चहाचं भांडं उतरवता येतं. व्हिडिओवर मी नेहमी त्याच भिंतीसमोर का बसते, असं आई विचारते. दाखवण्यासारखी तेवढी एकच भिंत आहे. पत्रात प्रवासासाठी आणि सामानासाठी सहा हजार देऊ असं लिहिलंय ना, त्याच्या खालची बारीक ओळ वाच. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडलीस तर ते परत करायचे. आणि कामाचा परवाना कंपनीच्या नावावर असतो. नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा. म्हणजे जे काही मागायचं ते सहीच्या आधी. एकदा आत आलास की दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते, तीही पहिल्या आकड्यावर. तो पहिला आकडा चुकला की पुढची सगळी वर्षं चुकत जातात.

माझा कसा चुकला ते ऐक. भरतीच्या बाईने फोनवर विचारलं होतं की तुमची पगाराची अपेक्षा काय. आणि मला आठवली आई. कोणाकडे गेलं की ताटलीकडे बघायचं नाही, दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला तरच हात पुढे करायचा. तू लबाड, पहिल्या आग्रहालाच दोन्ही हात पुढे करायचास आणि घरी येऊन धपाटा खायचास. मी शहाणी. मी त्या बाईला म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. आणि आग्रहाची वाट बघत थांबले. तिने चव्वेचाळीस लिहिले, आभार मानले आणि फोन ठेवला. इथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. त्या चव्वेचाळीसावरून घासत घासत, मध्ये एकदा बढती मिळून, मी एकसष्टपर्यंत आले आहे.

न मागण्याची ही सवय फक्त पगारापुरती राहिली असती तरी चाललं असतं. बाबा गेले तेव्हा परवान्याची कागदपत्रं अडकली आहेत, देश सोडता येत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं. तू सगळं एकट्याने केलंस आणि वर मलाच धीर दिलास. कागदपत्रं अडकली नव्हती, बारक्या. त्या आठवड्यात आमचं नवं काम ग्राहकाकडे जायचं होतं, सगळे डोकं खाली घालून बसले होते, आणि मला साहेबाच्या टेबलापर्यंत जाऊन रजा मागता आली नाही. त्याने नाही म्हटलं असं नाही. मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि तपासायच्या यादीतल्या चुका तपासत बसले.

मागच्या वर्षी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने घराच्या कर्जाचा अर्ज नजरेखालून घालायला दिला. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा सगळं काम त्याला मीच शिकवलं होतं. अर्जात त्याचा पगार लिहिला होता, एकोणऐंशी हजार. मी बेरजा तपासल्या, सगळं ठीक आहे म्हटलं, आणि बाथरूममध्ये नळ सोडून दहा मिनिटं उभी राहिले. नंतर चौकशी केल्यावर कळलं की प्रत्येक पदाला पगाराचा एक पट्टा ठरलेला असतो. तुझ्या पदाचा अठ्ठावन्न ते पंच्याऐंशी. म्हणजे तुला त्यांनी अगदी तळाशी ठेवलंय. तुझ्यासारख्या हुशार, सात वर्षं काम केलेल्या माणसाला तळाशी का ठेवलं, हे तू मला विचारलं नाहीस. ताई तिथे आहे म्हटल्यावर आपल्याला कोण फसवणार, असं तू आईला म्हणत होतास, ते मला ऐकू आलं.

मशीनवर आता सहा मिनिटं दिसताहेत, तेव्हा सांगून टाकते. तुझी मुलाखत झाल्यावर साहेबाने मला काचेच्या छोट्या खोलीत बोलावलं. बिचारा खुशीत होता. तुझ्या भावासाठी चौऱ्याहत्तर मंजूर झालेत, तेवढ्यावर तो येईल ना, असं त्याने विचारलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला दिसलं ते एवढंच, की नऊ वर्षं राबून मी एकसष्टवर आणि हा पहिल्याच दिवशी चौऱ्याहत्तरवर. आई कॅल्क्युलेटरवर दोघांचे आकडे मांडते आहे, असंही दिसलं. मी म्हटलं, एवढे कशाला, अठ्ठावन्नवर तो उड्या मारत येईल. साहेबाने मान वर केली. इथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही असं मी वर लिहिलंय, पण त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा विचारलं, नक्की का म्हणून. आणि मी हो म्हटलं. नऊ वर्षांत पगाराबद्दल मी एकदाच तोंड उघडलं, ते तुझा पगार कमी करायला. उद्याच त्यांना कळव की चौऱ्याहत्तर हवेत, मंजूर झालेले आहेत हे मला ठाऊक आहे. कोणी सांगितलं असं विचारलं तर माझं नाव घे. त्यांना माझं काय करायचं ते करू देत. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते मागायला मला तोंड नाही. पण अठ्ठावन्नवर येऊ नकोस. आलास तर माझ्या समोरच्या टेबलावर बसशील, ताईमुळे इथे आलो असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगशील, आणि मला ते रोज ऐकावं लागेल.

तुझीच,
ताई