विश्वाचा अंत: अवघडपणा अडीच तारे

२ मार्च, सकाळी
नवी डायरी. संकल्प: रोज लिहायचं, थोडं लिहायचं, खरं लिहायचं. पहिल्या दोन्हींची खात्री नाही. तिसऱ्याची आहे. दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात ज्याची उभी नोकरी गेली, त्याचा स्वतःचा काटा शून्यावरच असतो.

२ मार्च, संध्याकाळी
सरांच्या घरी डबीमंडळाची बैठक. (बायको या छंदाचं वर्णन ‘घोडे झालेले लोक झुडपात डबे हुडकतात’ असं करते. डबी लपवणं, तिचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकणं, दुसऱ्यांनी ती शोधून आतल्या चिठ्ठीवर सही करणं आणि डबी होती तिथे परत ठेवणं, यातलं शास्त्र तिला कळत नाही.)

सर, म्हणजे आमचे निवृत्त फिजिक्सवाले, महिनाअखेर मुलीकडे कायमचे राहायला चाललेत. घरात खोकी. जाण्यापूर्वी एक शेवटची डबी लपवणार. नाव: ‘विश्वाचा अंत’. जो पहिला शोधेल त्याला सरांच्या गावभरच्या सगळ्या डब्या दत्तक.

यावरून विश्वाच्या अंतावर चर्चा. दातांचे डॉक्टर म्हणाले, सगळं आकसत आकसत शेवटी एका डबीत मावेल. ड्रायव्हरबाई (शहर बस चालवतात) म्हणाल्या, छे हो, फाकत फाकत थंड पडेल, पहाटेच्या पहिल्या फेरीसारखं. इंजिन चालू, आत कुणी नाही. सर म्हणाले, दोन्हींना अवकाश आहे, चहा निवतोय. मग डॉक्टर म्हणाले, तिसरीही एक शक्यता आहे: ज्या दिवशी आपले निरीक्षकसाहेब अ‍ॅपवर ‘सापडली नाही’ असं लिहितील, त्याच दिवशी विश्वाचा बाजार उठेल.

सगळे हसले. मीही हसलो. कौतुकच होतं ते. माझ्या नावावर एकही ‘सापडली नाही’ नाही. जी सापडत नाही ती मी शोधायला गेलोच नव्हतो, असं धरतो.

संकल्प: वारस मीच.

६ मार्च, दुपारी
काटा तपासत असताना फोन वाजला. ‘विश्वाचा अंत’ झळकली! पाण्याच्या टाकीची टेकडी. खूण: शेवटच्या दिव्याच्या पायाशी. अवघडपणा अडीच तारे. सरांनी खाली लिहिलंय, अंत सोपा आहे, टाकीपर्यंतच्या पायऱ्या अवघड आहेत.

ऑफिसात सांगितलं, फील्डवर जातो. टेकडीही फील्डच.

६ मार्च, संध्याकाळी
जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

टाकीपाशी पोचलो. दिव्याचा खांब पाहिला, बुंध्याची फट पाहिली, दगड उलटले, पाइपात हात घातला, मुंग्यांनी हाताची पाहणी केली. डबी नाही. खाली शेवटच्या स्टॉपवर बस लागली. ड्रायव्हरबाई उतरल्या आणि थेट पायऱ्यांकडे वळल्या.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की डबी तिथे होतीच. सर ठेवतो म्हणाले म्हणजे ठेवणारच. फक्त मला दिसत नव्हती. म्हणजे सापडल्यातच जमा. खिशात बायकोची खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी होती. गोळ्या तोंडात ओतल्या, आत कोरी चिठ्ठी घातली, सही केली, फटीत सारली. अ‍ॅपवर लिहिलं: पहिला!

बाई धापा टाकत आल्या. माझे दोन्ही गाल फुगलेले, त्यामुळे मानेनेच नमस्कार केला. त्यांना डबी लगेच सापडली. यावरून माझी जागा बरोबर होती हे सिद्ध होतं. माझ्याखाली सही करून म्हणाल्या, तुमची नजर म्हणजे नजर हो, साहेब. आणि डबी हुंगून म्हणाल्या, निलगिरी?

व्यवस्था तात्पुरती आहे. उद्या खरी डबी शोधून अदलाबदल करायची. विषय संपला.

घरी येऊन बायकोला बातमी दिली. ती पुढच्या खोलीत, तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, शेकाच्या पट्ट्या पुसत होती. म्हणाली, सरांची डबी? टाकीपाशी? पायऱ्यांच्या वर? म्हटलं, हो, वर. म्हणाली, आणि सर स्वतः चढून गेले होते? म्हटलं, मग काय डबी उडत गेली? म्हणाली, अस्सं. आणि पट्ट्या पुसत राहिली. थोड्या वेळाने: माझी गोळ्यांची डबी पाहिलीस का?

नाही म्हणालो. पाहिली नव्हतीच, चाचपडून काढली होती.

७ मार्च
डॉक्टर तिसरे. ग्रुपवर लिहितात, विश्वाच्या अंताला निलगिरीचा वास येतो, नाक मोकळं करूनच जग संपणार. सगळ्यांचे हसरे चेहरे. सरांचं फक्त एक वाक्य: अभिनंदन आणि आभार.

अभिनंदन ठीक. आभार कसले?

९ मार्च
पुन्हा टेकडी. खरी डबी नाही. टाकीच्या वॉचमनने विचारलं, काय हरवलं? म्हटलं, पाण्याचा दाब बघतोय. म्हणाला, झुडपात?

झोप लागत नाही. कॉफीमुळे असावं. मी कॉफी पीत नाही, पण ऑफिसात वास येतो.

१२ मार्च
एका वाण्याचा काटा रिकामा असतानाही थोडं वजन दाखवत होता. एरवी मी अशांची अर्धा तास शाळा घेतो. तो हात जोडून म्हणाला, साहेब, तात्पुरतं आहे हो, उद्याच नीट करणार होतो, आणि तसं बघाल तर माल बरोबरच जातोय. समज देऊन सोडलं. तो मागून पोऱ्याला म्हणाला, आज साहेबांची तब्येत बरी दिसत नाही.

वाण्याच्या बोलण्यात तसा मुद्दा होता. म्हणूनच राग आला.

१५ मार्च
सर गुडघे शेकायला दवाखान्यात. मी मागच्या दाराने घरात. स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरलो, पण चपला बाहेर काढून. चोर तेवढं करत नाही.

बायकोला सहज विचारलं, सर डबीबद्दल काही म्हणाले? म्हणाली, पेशंट काय बोलतात ते मी बाहेर बोलत नाही. म्हटलं, मी काय बाहेरचा? म्हणाली, सध्या मागच्या दाराने येतोस, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

१६ मार्च
ड्रायव्हरबाईंचा ग्रुपवर निरोप. त्या दिवशी टेकडीखालचीच फेरी मिळावी म्हणून त्यांनी एका सहकाऱ्याला स्वतःची सुट्टी देऊन टाकली होती म्हणे. ‘तरी साहेबांनी मात दिलीच! आपल्याला दुसऱ्या नंबरचीही हौस आहे.’ आणि एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाईंचा स्वभाव गरीब असेल, पण त्या चेहऱ्याचा नव्हता.

संकल्प: त्यांना गाठून सगळं सांगायचं. स्पष्ट, थोडक्यात, पुरुषासारखं.

१९ मार्च
बाईंच्या बसमध्ये बसलो. पुढच्या सीटवर. वाक्य तयार होतं. पण समोर पाटी: ‘वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.’ मी नियम पाळणारा माणूस आहे.

शेवटचा स्टॉप आला. आता नियम आड येत नव्हता, पण बाईंनी डबा उघडून अर्धं जेवण माझ्यापुढे सरकवलं. तोंडात घास असताना माणूस काय कबुली देणार? त्या म्हणाल्या, मला हो लांबचं दिसतं, जवळचं नाही, ड्रायव्हरची नजर. तुम्हाला फटीतलं दिसतं. सरांच्या डब्या नीट सांभाळा. कालव्याजवळचीचं झाकण सैल आहे, शाळेमागच्या डबीत पाणी शिरतं, चिठ्ठी प्लास्टिकमध्ये ठेवा. एकेका डबीचं दुखणं त्यांना पाठ.

जे सांगायला निघालो होतो त्याच्या दुप्पट ऐकून परत आलो. भाजी चांगली होती.

२३ मार्च
सरांचा फोन. उद्या एकटेच या, दार लावून बोलायचं आहे.

झालं. निलगिरी बोलली. रात्री अंथरुणात पुटपुटत वाक्य घोकलं: सर, मी पहिला नव्हतो. छोटं आहे, चुकायचा धोका नाही.

२४ मार्च
सरांनी दार लावलं. खोक्यातून पिशवी काढली, पिशवीतून स्टीलची डबी. वर लेबल, सरांच्या अक्षरात: विश्वाचा अंत.

मी उभ्या उभ्या बसलो.

सर म्हणाले ते असं. अ‍ॅपवाले तपासून मंजुरी द्यायला दोन दिवस लावतील, या हिशेबाने त्यांनी आधी नोंद केली आणि सकाळी डबी ठेवायला निघाले. निम्म्या पायऱ्यांवरच्या बाकापर्यंत गेले आणि गुडघे अडून बसले. ना वर, ना खाली. कसेबसे उतरले, डबी पिशवीतच. घरी येऊन बघतात तो मंजुरी मिळून नोंद झळकलेली! नसलेल्या डबीमागे माणसं धावणार. जन्मभर पोरांना अचूकता शिकवली, आणि जाता जाता हे. माफीचा निरोप लिहायला फोन हातात घेतला, तेवढ्यात माझं ‘पहिला!’.

सर म्हणाले, राग मानू नका, पण आधी वाटलं, हा शुद्ध थापाड्या आहे.

मी काहीच मानलं नाही.

मग बाईंना सापडली, डॉक्टरांनाही सापडली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, म्हणाले. तुम्हाला माझी फजिती कळली होती. कशी ते विचारत नाही, तुमच्या मिसेस माझे गुडघे ओळखतात. म्हाताऱ्याचं हसं होऊ नये म्हणून तुम्ही गुपचूप डबी ठेवून आलात, आणि वर चकार शब्द काढला नाहीत.

माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, सर, मी... ते म्हणाले, काही बोलू नका. वडीलधाऱ्यांचं ऐकावं, म्हणून बोललो नाही. आता तर वाक्य उच्चारणंही अवघड. मी थापाड्या ठरलो तर सरांची डबी पिशवीत होती हेही उघडं पडणार. थोडक्यात, मी सरांसाठी गप्प आहे. हे बरं वाटायला हवं. वाटत नाही.

खरी डबी माझ्या हवाली: गुपचूप बदलून या. सगळ्या डब्याही माझ्या.

२४ मार्च, जेवणानंतर
बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, सर त्या सकाळी बाकावरून थेट इथेच आले होते, लंगडत. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी माहीत होतं! मग बोलली का नाहीस? म्हणाली, तू बोलायची वाट बघत होते. आणि माझ्या गोळ्या घशासाठी असतात, थापा पचवायला नाही.

म्हटलं, आता बोललो तर सरांची अब्रू जाईल. म्हणाली, सरांचं गुपित सरांचं, तुझं तुझं. दोन्ही एकाच डबीत कशाला कोंबतोस?

तिला यातलं शास्त्र कळत नाही.

३१ मार्च
सर गेले. गाडीत बसताना सगळ्यांदेखत म्हणाले, या माणसासारखी माणसं आहेत म्हणून विश्व टिकून आहे. ड्रायव्हरबाईंनी टाळ्या वाजवल्या. बायको माझ्याकडे बघत होती. मी टायरकडे.

बाईंना हळूच म्हटलं, डब्या तुम्हीच घ्या, मला वेळ नसतो. म्हणाल्या, नाही साहेब, पहिला तो पहिला. हा मान असा वाटून टाकता येत नाही.

४ एप्रिल, दुपारी
युक्ती सुचली! उत्तम, उदार, आणि कुणाला कळणार नाही अशी. माझी डबी काढायची, स्टीलची ठेवायची. तिची चिठ्ठी कोरी आहे. मग ग्रुपवर लिहायचं, डबी सापडली नाही. बाई धावत येतील, शोधतील, पहिल्या ओळीवर सही करतील. खऱ्या डबीच्या खऱ्या पहिल्या! त्यांना न्याय, सरांना शांती, मला झोप. सरकारी कामात इतका नेमका तोडगा मी आजवर काढलेला नाही.

४ एप्रिल, संध्याकाळी
बाकापाशी गुडघा कट्ट वाजला. सरांच्याच बाकावर बसावं लागलं. वर टाकीला नवा रंग, खांबाला नवं सिमेंट, फट बुजलेली. माझी पत्र्याची डबी बेपत्ता. शोधली, खरंच शोधली. म्हणजे लिहायचं ते खोटंही ठरणार नव्हतं.

स्टीलची डबी खांबामागे दगडाखाली सारली आणि आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं: सापडली नाही.

डॉक्टरांचं उत्तर तत्काळ: तोंड उघडं ठेवलेल्या पेशंटला घरी पाठवतोय, विश्व संपलं! बाई: थांबा, बस लावून आलेच.

मी पलीकडच्या वाटेने उतरलो. घरी आलो. पुढच्या दाराने. छातीवरचा धोंडा उतरला होता. बायकोला म्हटलंही, काही कामं न बोलता करायची असतात.

तेवढ्यात बाईंचा ग्रुपवर निरोप:

‘सापडली. पण साहेब, ही डबी वेगळी आहे. स्टीलची. लेबलावर सरांचं अक्षर. वास नाही. आणि आतली चिठ्ठी कोरी. पहिली ओळसुद्धा. मग त्या दिवशी तुम्ही सही कशावर केली होती?’

या खेपेला हसरा चेहरा नाही. डॉक्टरांचाही नाही.

बायकोने न विचारता चहा ठेवला, समोर बसली, म्हणाली, फक्त तुझंच लिही. एकच वाक्य आहे, तुला पाठ आहे.

खिडकीतून बघितलं. टेकडीवरचा शेवटचा दिवा लागलाय, त्याखाली कुणीतरी उभं आहे, हातात फोन. विश्व अजून संपलेलं नाही. संपलं असतं तर उत्तर द्यावं लागलं नसतं.