आधी कडू

६ ऑक्टोबर, रविवार

आजपासून मी पगारी खेळाडू! नाशिकला आई शेजारणींना ‘आमची मालविका कतारला कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते. लेक दिवसभर गेम खेळते आणि त्याचे पैसे मिळतात, हे कुणाला पटवून द्यायचं?

लुसैलच्या एका टॉवरमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे. खिडकीतून ट्राम दिसते, मान वाकडी केली तर समुद्रही. इथे भागाभागांनी निघणारे गोष्टींचे गेम बनतात. त्यात बंदुका नाहीत, मारामारी नाही. गोष्ट चालता चालता थांबते आणि विचारते, आता तू काय करशील? पडद्यावर दोन उत्तरं येतात, खाली एक पट्टी आक्रसत जाते, ती संपायच्या आत एक उत्तर निवडायचं. निवडलं की कोपऱ्यात ओळ उमटते, ‘हे त्याच्या लक्षात राहील.’ दोन्ही वाटांनी खेळून चुका शोधायच्या, हे माझं काम. गोष्टी लिहितो कौशिक, तोच आमचा साहेबही. माणूस गोड बोलणारा, पण एक नियम कडक आहे. चाचणीच्या खोलीत फोन न्यायचा नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा.

राहायला अल अझीझियात, अफशांबरोबर. ती रत्नागिरीची, अल गराफाच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते. दारातच ‘काय गो, जेवलीस काय?’ आणि पुढ्यात तांदळाची भाकरी नि सुरमई. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे इतक्या कीवेने पाहिलं की मी मुकाट्याने खाल्ली. छान लागली. परक्या देशात उतरल्या उतरल्या बहीण मिळाली म्हणायची.

९ ऑक्टोबर, बुधवार

कामाची माझी एक रीत बसली. लहानपणी मी ताटातलं कारलं आधी संपवायची, म्हणजे शेवटचा घास गोड. इथेही तसंच. आधी वाईट उत्तर निवडते, त्या वाटेवरची रडारड उरकते, मग गोष्ट मागे नेऊन चांगलं उत्तर देते. घरी जाताना मनावर ओझं राहत नाही. कौशिकला सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, बहुतेक लोक उलटं करतात.

चहाला तो आपुलकीने चौकशी करतो. कुठे राहतेस, कुणाबरोबर, इमारत कशी आहे. मी काय, बोलायला लागले की थांबत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

नव्या गेमचा पहिला भाग हातात आला. नायिका परदेशात नवी आलेली. इमारतीचा वॉचमन भरदुपारी खुर्चीत झोपलाय आणि मालकाचा फोन येतो. चुगली करायची की सांभाळून घ्यायचं?

हा तर आमचा बाबू! त्याच्या घोरण्याच्या गमती मीच कौशिकला सांगितल्या होत्या. लेखकांपुढे तोंड उघडायची सोय नाही. गेममधल्या खुर्चीचा मोडका हात निळ्या दोरीने बांधलाय, अगदी बाबूच्या खुर्चीसारखा. खुर्चीबद्दल मात्र मी बोलल्याचं आठवत नाही.

रीतीप्रमाणे आधी चुगली, मग सांभाळून घेतलं. ‘हे त्याच्या लक्षात राहील.’

२२ ऑक्टोबर, मंगळवार

बाबूला काढलं. संध्याकाळी मी आले तेव्हा तो बॅग घेऊन दारातच उभा होता. मला म्हणाला, “मॅडम, आपने अच्छा नहीं किया.” मी काय केलं? मालकाला विचारलं तर तो म्हणाला की मीच परवा फोन करून सांगितलं, आवाज माझाच होता. मी हसून उडवून लावायला गेले. मग फोन उघडून पाहिला. रविवारी दुपारचा कॉल त्यात आहे. तेव्हा फोन लॉकरमध्ये होता आणि लॉकरची किल्ली माझ्या खिशात होती.

अफशां म्हणते, आपोआप लागला असेल, मालकाला तर निमित्तच हवं होतं. असेल. पण मला फार वाईट वाटतंय. खाली रिकामी खुर्ची अजून तशीच आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

ऑफिसात नवी मुलगी आली, हिबा. मान डोलावत सगळं टिपून घेते. तिला शिकवण्याचं काम माझ्याकडे, म्हणजे मी महिन्यातच गुरू झाले. माझी कारल्याची रीत तिला इतकी आवडली की म्हणाली, मी पण नेहमी असंच करणार.

परवा सुट्टीच्या दिवशी अफशांबरोबर ॲस्पायर पार्कात फिरताना तिने मन मोकळं केलं. घरच्यांनी खेडच्या मुलाशी तिचं ठरवलंय आणि तिला ते मोडायचंय, कारण तिच्या क्लिनिकमधला उमैर. अम्मीला ती रमजान ईदला घरी गेल्यावर स्वतः समोर बसून सांगणार. तोवर कुणाला कळता कामा नये. मी गळ्याची शपथ घेतली. हे कौशिकलाच काय, कुणालाही सांगितलेलं नाही, इथे एकदा लिहून ठेवते.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दुसरा भाग. मैत्रीण नायिकेला गुपित सांगते. मग मैत्रिणीच्या आईचा फोन येतो, मुलीचं काय चाललंय म्हणून. सांगायचं की गप्प बसायचं?

हे कौशिकला कुणी सांगितलं? पण पट्टी आक्रसत होती आणि सवयीचा हात, तो गेला कडूवरच. लगेच मागे नेऊन मी गप्प बसले. पुन्हा पुन्हा गप्प बसले.

‘हे तिच्या लक्षात राहील.’

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अफशांच्या अम्मीने रात्र रडून काढली आणि सकाळी लेकीशी बोलणं तोडलं. मालविकानेच फोनवर सगळं सांगितलं, असं त्या म्हणाल्या. माझ्या फोनमध्ये कालचा कॉल आहे. चांगला लांबलचक. लॉकरमध्ये असतानाचा.

मी शपथा घेतल्या. अफशांने एवढंच विचारलं, तुझ्याखेरीज कुणाला माहीत होतं गो?

१७ डिसेंबर, मंगळवार

आता कळलं. पहिलं उत्तर घडतं. मागे नेऊन दिलेलं नाही. बाबू परत आला नाही, अम्मी विसरल्या नाहीत. माझे सगळे गोड घास फुकट.

कौशिकला तोंडावर विचारलं. तो चिडला नाही, उलट मला चहा दिला. म्हणाला, जे पहिल्यांदा घडतं ती गोष्ट, नंतरचं सगळं मनाचं समाधान. मग तिसऱ्या भागाची पानं पुढे सरकवली.

धुक्याची सकाळ. दुखावलेली मैत्रीण गाडी घेऊन दूर निघालीय. चावी शोधता शोधता नायिकेला विचारते, बाहेर कसं आहे? दोन उत्तरं आहेत. ‘थांब, धुकं फार आहे.’ किंवा ‘रस्ता मोकळा आहे, तू नीघ.’ दुसऱ्या उत्तराखाली ‘लक्षात राहील’ची ओळच नाही. का नाही, विचारलं. तो म्हणाला, लक्षात ठेवायला कुणी उरायला हवं ना.

मी पानं टेबलावर टाकून आले. आजारी म्हणून कळवलं. खेळणारच नाही. मी खेळले नाही तर काही घडणार नाही.

२२ डिसेंबर, रविवार

अफशांला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने ऐकून घेतलं. तिला वाटतं मी स्वतःची चूक गेमवर ढकलतेय. पण आज चहा करताना तिने दोन कप काढले. महिन्याने. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

फक्त ही माणसं शाबूत राहोत. अफशां शाबूत राहो. मला दुसरं काही नको.

२६ डिसेंबर, गुरुवार

धुकं. समोरच्या मशिदीचा मिनार दिसत नाही. खालचा रस्तासुद्धा नाही.

अफशांला सुट्टी. गाडी घेऊन अल खोरला उमैरच्या बहिणीकडे निघालीय. जाऊ नको म्हणून मघाशी पाया पडले. धुकं ओसरेपर्यंत थांबते म्हणाली.

आत्ता हिबाचा मेसेज पाहिला. तिसरा भाग तिला दिलाय. आज सुरू करतेय. तुम्ही शिकवलंत तसंच करेन, आधी कडू — खाली हसरा चेहरा.

फोन लावला. वाजतोय. लॉकरमध्ये वाजतोय.

कौशिक उचलत नाही. ऑफिसात कुणीच —

मी स्वतः खेळायला हवं होतं. गोड आधी निवडलं असतं की झालं! पळाले. पळून मी ते तिच्या हातात दिलं, माझ्या रीतीसकट —

पुन्हा लावला. वाजतोय.

अफशां कपडे करून आली. थांबते म्हणाली होती ना? चावी शोधतेय. चावी माझ्यासमोर, उशीवर. उचलायला गेले. हात उठत नाही.

विचारतेय — “बघ गो, बाहेर कसं आहे?”

तोंड उघडलं. आवाज नाही. जीभ माझी नाही. पाय उचलत नाहीत.

पेन चालतंय. पेन अजून माझं आहे. मोठ्या अक्षरात लिहिते, वही तिच्यापुढे धरते. लिहिते. थांब, धुकं फार आहे. एवढंच. थांब —

चावी मिळाली तिला. माझ्याकडे बघतेय. वाट बघतेय.

अफशां, रस्ता मोकळा आहे, तू