पापुद्रा

सातारा,
१२ जानेवारी २०२५

चि. महेंद्रास,
अनेक आशीर्वाद. मी खुशाल. फौजेतल्या तोफांनी तुझे कान नेले, पण फोन बंद पाडून आपली पत्रं परत आणली, एवढं त्यांचं बरं.

हसणार नसशील तर सांगते. बासष्टाव्या वर्षी मी व्हिडिओ बघून, सुटे भाग जोडून घरी कॉम्प्युटर उभा केला. आता तो तापतो. काम सुरू केलं की प्रोसेसर अठ्ठ्याण्णव अंशांवर जातो आणि पाचव्या मिनिटाला सगळं बंद. पंखा फिरतो. डब्याची बाजू काढली, टेबलफॅन लावला, तरी तेच.

ही हौस नाही रे. तू लेहला असताना आईने तुझ्यासाठी कॅसेट भरली होती. ती पोस्टात टाकण्याआधीच आई गेली आणि नंतर मला धीर झाला नाही. आता लावली तर नुसती खरखर, आत कुठेतरी आई. ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, पण खरखर काढणारा प्रोग्रॅम पाच मिनिटांत पुरा होत नाही. तुला ऐकू येणार नाही, पण मी शब्द न् शब्द लिहून पाठवीन. तू पलटणीत वायरलेस सेट दुरुस्त करायचास ना? काहीतरी सुचव.

क्रांतीला आणि तुमच्या लेकीला, अंकिताला, आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
दीपाताई

पलूस,
१८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. नमस्कार. छत्तीस वर्षं कॅसेट लपवलीस, त्यावर भेटल्यावर भांडेन.

अंकिता लगेच फोन करायला निघाली होती. म्हटलं, पत्र मला आलंय, उत्तर मीच देणार. घरच्यांचे ओठ मला वाचता येतात; ती म्हणाली, प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरच्या धातूला आत्यांना हात लावून बघायला सांगा. प्रोसेसर भाजतोय आणि कूलर गार, असं असेल तर उष्णता वर चढतच नाही, मधे काहीतरी आडवं आलंय.

तेवढ्यात मला तुझं घर आठवलं. रिमोट पिशवीत, सोफा प्लास्टिकमध्ये, अगदी आईची लेक. ताई, कूलरच्या तळाला पातळ पापुद्रा असतो. बसवण्याआधी तो सोलायचा असतो. सोललास का?

वायर काढूनच उघड. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पूस आणि नवी वाटाण्याएवढीच लाव. थालीपिठावर लोणी थापतेस तशी नको.
कानाने अधू पण डोक्याने शाबूत,
तुझा महेंद्र

सातारा,
२५ जानेवारी २०२५

चि. महेंद्रास,
आशीर्वाद. कूलर माठासारखा गार होता. उघडला. पापुद्रा होताच, वर लाल अक्षरांत 'आधी काढा' असं इंग्रजीत लिहिलेला. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी मला बाकावर उभं केलं असतं. खरं सांगू? मी ते वाचलं होतं. कोरी वस्तू, ओरखडा नको, राहू दे थोडे दिवस, असं वाटलं.

आता भर कामातही बासष्ट अंश. माझ्या वयाएवढे.

प्रोग्रॅम चाळीस मिनिटं चालला. मग आई बोलली. तिने म्हसवडच्या जत्रेतून तुला स्वेटर धाडला होता, आठवतो? तिचेच शब्द लिहिते:

"म्हयंदर, सुएटर पोचलं आसंल. नवं हाय म्हनून ट्रंकंत घालून ठिवू नगंस. मी जल्मभर ठिवून ठिवून काय केलं? तू घाल. फाटलं तर फुडल्या जत्रंला दुसरं घिऊ. तुला थंडी वाजली की मला हितं वाजतीया बग."

पुढची जत्रा तिला दिसली नाही. इथे मी थांबते. सांभाळून राहा.
तुझी,
ताई

पलूस,
१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा दुपार होती. कुणाला न सांगता माडीवर गेलो आणि ट्रंक उघडली.

स्वेटर आहे. पिशवीसकट, दुकानाच्या चिठ्ठीसकट. पार्सल आलं त्या आठवड्यातच आई गेल्याची तार आली होती. मग तो घालायचा कधी धीरच झाला नाही.

आज पिशवी फाडली. पोटावर बटणं लागत नाहीत. अंकिता हसली. क्रांती म्हणते, आवं, उन्हं तापायला लागली, काढा ते. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

घालूनच लिहितोय. घाम फुटलाय. काढणार नाही.
तुझा,
महेंद्र