धाकटीचा डोळा आधी पिकला

आई, बाळाला बघायला सगळ्यांच्या आधी तुझी धाकटीच आली. मंगळवेढ्याहून पहिल्या एसटीनं, सुनेला घेऊन. माझी नात बारा दिवसांची झाली. मीच तिला तेल लावते, न्हाऊ घालते, आनंदानं माझं मन भरलंय, पण तिचं तोंड मला दुधावरच्या सायीतून बघितल्यागत दिसतं. आणि या बाईनं जाड चष्मा नाकावर सारला, वाकली आणि म्हणाली, "अक्का, नाक आईचं हाय की." बारा दिवस मांडीवर मी घेतलं, नाक हिनं आधी बघितलं.

धाकटी असून सून हिला आधी, नातू आधी, मोतीबिंदूसुद्धा आधी पिकला. दिवाळीच्या आत आम्ही दोघी इथं सोलापुरात एकाच डॉक्टरांकडे गेलो. हिला त्यांनी ठेवून घेतलं आणि मला म्हणाले, आजी, तुमचा कच्चा आहे, पिकू द्या. मी घरी येऊन आढीच घातली. हसू नकोस. गवतात आंबे पिकवायचो की आपण, तशी डोळ्यावर घोंगडीची घडी बांधून दुपारभर चुलीपाशी बसायची. महिन्यानं डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, तर त्यांनी समजावलं की उबेनं काही होत नाही, डोळ्यातलं भिंगच वयानं गढूळ होतं, ते काढावं लागतं. धाकटीचं काढलं तेव्हा ती आठ दिवस उताणी होती, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, वाकायचं नाही, हसायचं नाही. मी डबा घेऊन जायची आणि तिला हसवायला बघायची. नर्सबाईनं मला बाहेर काढलं. पुढं आतल्या भिंगाच्या जागी हा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला, तेव्हा सगळं जवळ दिसतं म्हणून ती चहा कपाबाहेर ओतायची. मला बरं वाटायचं.

तुझे तर दोन्ही डोळे पांढरे झाले होते, आणि हे काढता येतं हे आपल्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मंद्रूपला तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात मी उशाशी बसलेय. तू माझा हात चाचपतेस आणि म्हणतेस, "धाकटे, आलीस का गं? तुझ्याबिगर करमत न्हाय." मी तिच्यासारख्या बारीक आवाजात व्हय म्हणते. तू माझे केस कुरवाळतेस, उशाखालची खणाची चोळी काढून माझ्या हातात देतेस. ती ट्रंकेच्या तळाशी आहे. एकदाही अंगाला लावली नाही मी.

आज धाकटीनं मला उजेडाला धरलं आणि म्हणाली, आता पांढरा झालाय, पिकला तुझा. मला किती बरं वाटलं. मग म्हणाली, सुईत दोरा घालता येतो आता, आईचं काय कापड ठेवलंय का, बाळाला टोपडं शिवते. मी म्हणाले, "न्हाय." ती चष्म्यातून माझ्याकडं बघत राहिली. तिला काय दिसलं ते मला दिसलं नाही.

दुसरीपर्यंत शिकलेली माझी अक्षरं, त्यात ओळीवर ओळ चढलीय, आणि हे पत्र तुला धाडायचं तरी कुठं. ती गेल्यावर चोळी काढून ट्रंकेवर ठेवलीय. रंग मला दिसत नाही, हिरवा होता वाटतं. तिलाच विचारीन. मला दवाखान्यात न्यायला दोघी सासू-सुना गुरुवारी येतो म्हणाल्यात.