स्टिअरिंग जाम आहे

वळ, ता. भिवंडी
४ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रा,

दादाचा आशीर्वाद. घ्यायचा असेल तर घे. इकडे सगळे बरे आहेत, तुझ्या रूपावहिनीचे गुडघे सोडून. तुझ्याकडे आणि कुमाररावांकडेही ठीक असावं. सव्वीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं तर सुरुवात काय करायची, यातच सकाळ गेली. अक्षर बघून हसू नकोस. पेन भिकार आहे.

निशा दिवाळीत स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. तुझा नंबर मागितला तर पोरगी म्हणते, "आईला पत्र लिहा मामा, फोनवर तुम्ही दोघं भांडाल." शहापूरचा पत्ता दिला आणि तुझा निरोप सांगितला. "आबांची गाडी घेऊन येणार असेल तर ये म्हणावं, नाहीतर येऊच नको." एवढाच निरोप! पण मी तिथल्या तिथे हो म्हणालो. आपल्या घरात नवरीची गाडी मामा हाकतो, आणि निघताना नवरी स्टिअरिंगला हळदीचा हात लावते. ते सगळं रीतसर होईल. तीस तारखेला फियाट घेऊन वडप्याला हॉलवर हजर होतो आणि निशाला कल्याणला तिच्या सासरी मीच पोचवतो. लिहून ठेव.

गाडी ठणठणीत आहे. फक्त स्टिअरिंगचं थोडं काम काढलंय. तुला आठवत असेल ते, परातीएवढं मोठं, पांढरं आणि बोटाएवढं बारीक. धरायचं काय त्यात? हातातून निसटतं. म्हणून धामणकर नाक्यावर अफजलच्या गॅरेजला नेली. गुलाम हुसेनचाचांचा मुलगा तो, आबांची गाडी त्यांच्याचकडे असायची. त्याला म्हटलं, यावर जाड रेक्झिन शिवून दे. दिलं. तरी निसटतं. मग म्हटलं, ट्रकवाले लावतात तसा नॉब लाव, एका हाताने फिरवायला. लावला. तोही निसटतो. आता अफजल मलाच शहाणपण शिकवतो, "चाचा, स्टिअरिंग में कुछ खराबी नहीं है. पचास साल से ऐसाच है." मी म्हटलं, "मग खराबी माझ्यात आहे का?" तर नुसता माझ्या हाताकडे बघत बसला. असल्या माणसांचा मला असा संताप येतो!

निशा सांगत होती, तू शाळेची व्हॅन चालवतेस. बरं आहे. आबांनी शेतात गाडी शिकवायला घेतली तेव्हा मी बांधावर चढवली आणि तू सरळ रस्त्यावर आणलीस, ते आबा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे. मला तेव्हाही राग यायचा.

उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी मी येणार आहे.

पंढरीदादा


वळ
१३ नोव्हेंबर

चंद्रे,

तुझं कार्ड आलं. एवढं मोठं कार्ड, आणि त्यावर ओळ एकच. "परत स्टिअरिंगच का, दादा?"

मला कळतंय तुला काय म्हणायचंय. पण या वेळी खरं आहे गं. आईशपथ खरं आहे.

सगळं सांगतो. अफजलचं ऐकलं नाही आणि बाजारातून छोटं स्टिअरिंग आणलं, हल्लीची पोरं जीपला बसवतात तसलं, काळं, जाड, मऊ. हातात घेतलं तर काय छान वाटलं! अफजल म्हणाला, "मत लगाओ चाचा, चक्का छोटा करोगे तो गाडी भारी हो जायेगी. ये कोई आजकल की गाडी है क्या, दो उंगली से घूमेगी?" मी म्हटलं, तू पान्हा चालव, तोंड चालवू नकोस. बसवायला लावलं आणि गाडी बाहेर काढली.

शंभर पावलं गेलो नसेन. धामणकर नाक्यावर उजवीकडे वळायचं होतं. अर्धी वळली आणि तिथेच थांबली. मी ओढतोय, ती हलत नाही. समोर कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो, मागे शेअर रिक्षांची रांग, आणि सगळे एकदम बोंबलायला लागले. हॉर्न दाबला तर वाजेना, नव्या स्टिअरिंगला वायर जोडलीच नव्हती. एक रिक्षावाला खिडकीत डोकं घालून म्हणतो, "काका, चालवता येत नाही तर काढता कशाला?" मला, चंद्रे! ज्याने तीस वर्षं या नाक्यावरून गाडी काढली त्याला! शेवटी अफजल धावत आला. मला हळूच बाजूच्या सीटवर सरकवलं आणि तेच छोटं, भारी स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून गाडी बाजूला घेतली. त्याला जमलं.

पेन भिकार नाही. मी डाव्या हाताने लिहितोय.

मे महिन्यात झटका आला होता. गोदामात माल मोजत उभा होतो, हातातलं पॅड खाली पडलं आणि उचलायला गेलो तर हात माझं ऐकेना. डॉक्टर म्हणतात हलका झटका होता, नशीब समजा. कसलं नशीब? पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजव्या हाताची मात्र मूठ म्हणून वळत नाही. शर्टाचं बटण रूपा लावते. आणि फियाटच्या गिअरची दांडी स्टिअरिंगखाली डावीकडे, म्हणजे गिअर बदलताना चाक उजव्यानेच सांभाळायला हवं. म्हणून रेक्झिन, म्हणून नॉब, म्हणून ते कार्टं छोटं स्टिअरिंग. मी गाडी दुरुस्त करत बसलोय आणि बिघाड इकडे.

रूपा म्हणते, "सांगून टाका ना चंद्रीला, हात चालत न्हाय म्हणून. एक ड्रायव्हर बघा नि मोकळे व्हा. लाजायचं काय हाय त्यात?" अगं पण ड्रायव्हरच हाकणार असेल तर मामा कशाला हवा? आणि मी तुला कोणत्या तोंडाने सांगू की स्टिअरिंग वळत नाही?

तुझ्या लग्नाच्या दिवशी मी हेच म्हणालो होतो, विसरलो नाही मी. कुमार दुसऱ्या जातीचा म्हणून आपला मामा आला नाही. तू आपल्या हाताने हळद लावून अंगणात उभी होतीस, पायाशी बॅग, आणि मला म्हणालीस, "दादा, तू तरी गाडी काढ." मी म्हणालो, स्टिअरिंग जाम आहे. आबांचा स्वभाव तुला माहीत. त्यांच्यापुढे माझं काय चालणार होतं?

हाताचं निशाला सांगू नकोस. अजून सतरा दिवस आहेत. मी रोज चेंडू दाबतोय.

पंढरीदादा


वळ
२० नोव्हेंबर

चंद्रा,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस. त्यात मी हाताचं खरं लिहिलं आणि शेवटी एक खोटं परत लिहिलं.  आता खरं लिहितो, मग तू काय ते ठरव.

आबांनी गाडी अडवली नव्हती.

त्या सकाळी त्यांनी मला आत बोलावलं आणि चावी हातात ठेवली. म्हणाले, "जा, पोरीला नीट पोचवून ये. मला बाहेर यायला जमणार न्हाय." डोळे पुसत होते. मी चावी घेऊन बाहेर आलो. रस्त्यावर गावातले आठ-दहा जण बघायला उभे होते, त्यात रूपाचा काका. माझं रूपाशी लग्न नुकतंच ठरलं होतं. तुला गाडीत बसवून गावातून नेलं तर ते लोक मोडतील, या भीतीने माझी जीभ वळली आणि मी म्हणालो, स्टिअरिंग जाम आहे. चावी माझ्या खिशात होती, चंद्रा. तू माझ्याकडे बघितलंस, मग घराच्या दाराकडे बघितलंस, आणि बॅग उचलून चालत नाक्यापर्यंत गेलीस. तुला वाटलं असणार, आबांनी सांगितलं म्हणून दादा असं बोलतोय. मी वाटू दिलं.

आत जाऊन आबांना सांगितलं, "ती म्हणाली, तुमची गाडी नको."

यापेक्षा हलकट काम मी आयुष्यात केलं नाही. त्यानंतर आबा नऊ वर्षं जगले. गाडी कधी चालवली नाही, पण दर दिवाळीला स्वतः धुवायचे, स्टिअरिंगला ग्रीस भरून घ्यायचे आणि मला विचारायचे, "पोरगी खरंच नको म्हणाली रे?" मी दरवेळी हो म्हणालो. ते गेले तेव्हा तू आली नाहीस. गावाने तुला नावं ठेवली, तीही मी ऐकून घेतली. एकदा बोललो असतो तर तुम्हा दोघांना नऊ वर्षं मिळाली असती.

झटका आला तेव्हा हॉस्पिटलात पहिला विचार हाच आला, की बरोबर याच हाताने चावी खिशात ठेवली होती. डॉक्टर याला हसतील. मला हसू येत नाही.

परवा अफजलकडे गेलो. म्हटलं, ते काळं स्टिअरिंग काढ, रेक्झिन उसव, नॉब फेकून दे, आबांचं होतं तसं परत बसव. त्याने जुनं स्टिअरिंग खिळ्याला टांगून ठेवलं होतं. पुसताना बघितलं, वरच्या बाजूला अजून पिवळं आहे. आत्याची हळद, दोन्ही चुलत बहिणींची हळद. तुझा हात त्यावर कुठेच नाही.

तीस तारखेला अफजल गाडी हॉलवर आणून लावेल. तिथून पुढे तू हाक. कोणी काही म्हणालं तर म्हणू दे, मी ऐकून घेईन, या वेळी मोठ्याने उत्तरही देईन. निशाने हळदीचा हात लावायच्या आधी तू लाव. मला शेजारी बसू दिलंस तर माझा उजवा हात स्टिअरिंगवर नुसता ठेवीन. त्यात जोर नाही, तू वळवशील तसा तो वळेल. तेवढा मामा निशाला पुरेल का, ते तूच सांग. शेजारी नको असेन तर गेटवर उभा राहून गाडी जाताना बघीन. येऊच नको म्हणालीस, तर घरी बसेन. गाडी मात्र येईल.

पाकिटात चावी आहे. अफजलकडची दुसरी आहे. ही ती, जी आबांनी तुला पोचवायला माझ्या हातात दिली होती.

आज पोचवतोय.

पंढरी
(दादा म्हणायचं की नाही, ते तुझ्यावर)