घरोघरी तुंगमेई

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? कारखान्यात लाइनवर उभं राहून पाय सुजतात म्हणाली होतीस, त्यावर आजीने सांगितलेलं आल्याचं गरम पाणी करतेस ना? (त्यात पाय बुडवायचे आहेत, ते प्यायचं नाही. मागच्या वेळी घोटाळा झाला म्हणून पुन्हा लिहिते.) इकडे बाबा बरे आहेत, त्यांची तीनचाकी बरी नाही. आजीचा खोकला हटत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. आजी म्हणते, त्या डॉक्टरचंच वय झालंय, त्याला छातीतलं ऐकू येत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं हे मला कळतं. पण माझी कॉलेजची फी भरायला घेतलीस तेव्हा तू एकच अट घातली होतीस, की महिन्याला एक पत्र हाताने लिहायचं, म्हणजे पैसे कुठे गेले ते अक्षरांत दिसेल. शिवाय जे घडलंय ते फोनवर सांगायला मला सध्या नको वाटतं. का ते कळेलच.

मी शेन्झेनला ज्या परदेशी फोन कंपनीत लागले तिची अवस्था तुला ठाऊक आहे, कारण ती अवस्था तुमच्याच कारखान्यातून निघणाऱ्या फोनांनी केली आहे. एके काळी आमचा फोन खिशातून काढला की लोक बसायला खुर्ची द्यायचे. आता काढला की विचारतात, जुना आहे का ग, भावाचा का? आमचे होल्म साहेब (उंच, गोरे, मनाने फार चांगले, कुठल्याशा बर्फाच्या देशातले) दर सोमवारी बैठकीत एकच प्रश्न विचारतात, चिनी ग्राहकाला नेमकं हवंय तरी काय? मग सगळे टेबलाकडे बघतात. मी लागण्याआधी त्यांनी लाल खोक्यावर सोनेरी ड्रॅगन छापून पाहिला होता. तो ताप आलेल्या सरड्यासारखा दिसत होता आणि तरुण पोरं त्याच्याबरोबर फोटो काढून हसत होती. मी नवीन, मला टेबलाकडे बघायची सवय नव्हती. मी हात वर करून म्हटलं, साहेब, ग्राहकाला आदर हवा. (ग्राहक हा आधी माणूस असतो, असं मी माझ्या प्रबंधात लिहिलं होतं. त्याखाली सरांनी फक्त 'बरं' असा शेरा मारला होता, पण माझा अजूनही त्यावर विश्वास आहे.) होल्म साहेबांनी तो शब्द फळ्यावर मोठ्ठा लिहिला, आणि त्यातून 'आदराचा कॅमेरा' निघाला. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे टिपताना सुरकुत्या जरा मऊ करायच्या, डाग पुसायचे, पण आजीची शाळकरी मुलगी करायची नाही. तो आजमावायला गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांचे, मागे भिंतीवर लावायचे फोटो फुकट काढून द्यायचे, ही कल्पनाही माझीच.

खरं सांगायचं तर कल्पना सुचली तेव्हा माझ्या डोळ्यापुढे ग्राहक नव्हता, आजी होती. तिची सगळी तयारी झालेली आहे हे तू पाहिलंच आहेस. शवपेटी पोटमाळ्यावर आहे (सध्या त्यात रताळी आहेत), शेवटचे कपडे ट्रंकेत आहेत, राहिला होता फक्त फोटो. एकच आहे तो ओळखपत्रावरचा, आणि त्यात ती बदक चोरताना पकडल्यासारखी दिसते. नववर्षाला मी घरी आले तेव्हा तिने माझं मनगट धरून सांगितलं, थंडीच्या आत माझा फोटो कर. नाहीतर तुझा बाप ते बदकचोराचं चित्र भिंतीवर लावेल आणि माझी पतवंडं जन्मभर त्याच तोंडापुढे उदबत्ती लावतील. मी शब्द दिला. आत्या, या पत्रात बाकी काहीही वाटलं तरी एवढं लक्षात ठेव, की मी शब्द दिला होता.

आधीच्या गावांत सगळं छान झालं. म्हाताऱ्या लाजल्या, हसल्या, फोटो छातीशी धरून घरी गेल्या. मग आमची गाडी लियुशीला, आपल्या गावाला आली. कुलमंदिराच्या अंगणात निळा पडदा लावला, छापायचं यंत्र ओट्यावर मांडलं. होल्म साहेब स्वतः आले होते. ते बुटक्या स्टुलावर गुडघे कानाशी घेऊन बसले, समोर आलेलं सगळं खाल्लं, आणि मिरचीने डोळ्यांना धारा लागल्या तेव्हा मला हळूच म्हणाले, की हे भावनेमुळे आहे.

पहिला नंबर पेंग आजीचा. (कोणी काही म्हणायच्या आत ती पडद्यापुढे बसलीच होती.) फोटो छापून निघाला, तिने तो हाताच्या अंतरावर धरला आणि म्हणाली, "हे दात कुणाचे?"

तिच्या तोंडात एकही दात नाही, तुला माहीत आहे. फोटोत पुढचे सगळे होते, आणि त्यातला एक दुसऱ्यावर जरासा चढलेला होता. मी म्हटलं, आजी, यंत्राने तुमचा मान ठेवला. ती म्हणाली, "मान ठेवायचा तर सरळ दात द्यायचे की ग. हे कुणाचे तरी वापरलेले दिलेत." सगळे हसले. मीही हसले. मग दुसऱ्या आजीचा फोटो आला, तिसरीचा आला. वाळायला म्हणून मी ते दोरीवर टांगत गेले, आणि हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही. प्रत्येकीचं जाकीट तिचं होतं. केस तिचे, कानातलं तिचं. चेहरा मात्र एकच. रुंद गाल, चढलेला दात, आणि डाव्या भुवईला मधोमध छेदणारी एक खूण. आमचा कॅमेरा खुणा पुसण्यासाठी केलेला आहे, आत्या. त्याने सगळ्यांच्या खुणा पुसल्या होत्या आणि एकच खूण सगळ्यांना दिली होती. तेवढ्यात वारा आला आणि दोरीवरचे सगळे चेहरे एकदम आमच्याकडे वळले.

आजी शेवटी आली. तिचा फोटोही तसाच निघाला. तिने तो नीट पाहिलासुद्धा नाही, ती दोरीकडेच बघत होती. पेंग आजीने आपला कागद नाकाला लावून पाहिला आणि मटकन खाली बसली.

"अगं बाई, ही तर तुंगमेई!"

"हो," आजी म्हणाली. "मी केव्हाच ओळखली. तू चष्मा लावत जा."

"अगं पण ती तर पोर होती! एकोणीस वर्षांची!"

"मग आपण कोण होतो तेव्हा? झाली तीही म्हातारी, आपल्याबरोबर."

तुंगमेई, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, आजीची नणंद, तुझी आत्या. तू जन्मली नव्हतीस तेव्हाची गोष्ट, त्यामुळे तुला असेल तेवढीच मला माहिती आहे. शरदात ती तेलफळं वेचायला डोंगरावर गेली, टोपली सापडली, ती सापडली नाही. तिची कबर नाही. लेक म्हणून माहेरच्या पितरांच्या देव्हाऱ्यात नाव नाही, आणि लग्न झालं नव्हतं म्हणून सासर तर नव्हतंच. फोटो असण्याचा प्रश्न नाही, तेव्हा गावात कुणी कॅमेरा पाहिलेला नव्हता. त्या भुवईवर विळा लागला होता, हे सांगणाऱ्या आता या म्हाताऱ्याच उरल्या आहेत. मग फोनला कुणी सांगितलं?

मी शिकलेली मुलगी आहे, मी भिऊन बसले नाही. (थोडा वेळ बसले.) 'आदर' बंद करून फोटो काढला, तरी तीच. दुसरा फोन घेतला, आमच्याच कंपनीचा, तरी तीच. कुत्र्याचा काढला, कुत्रा आला. बाबांचा काढला, बाबा आले. होल्म साहेबांचा काढला, उन्हाने सोललेल्या नाकासकट होल्म साहेब आले. शेन्झेनच्या इंजिनियरांना सगळे फोटो पाठवले. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की या कॅमेऱ्यात खूण पुसायची सोय आहे, घालायची सोयच नाही.

मग मी दारोदार माफी मागत फोटो परत घ्यायला निघाले. एकीनेही दिला नाही. पेंग आजी म्हणाली, "माझा राहू दे. माझी पोरं शहरात आहेत, त्यांना माझं तोंड आठवायचं असेल तर आठवेल. हिचं कुणाला आठवणार?" आणि मग फोटोकडे बघत म्हणाली, "शिवाय दात सवयीने बरे वाटायला लागलेत."

म्हणजे जिला एका देव्हाऱ्यात जागा नव्हती ती आता गावातल्या प्रत्येक घरात भिंतीवर आहे. तिच्यापुढे उदबत्ती लागते, संत्री ठेवतात. भर दुपारी गल्लीतून चालावं तर सगळी दारं उघडी, आणि प्रत्येक घरातून तीच बाहेर बघते, कुठे निळ्या जाकिटात, कुठे तपकिरी. दोन-चार दारं गेली की वाटतं, ती भिंतींवर नाहीच, आतल्या आत घराघरांतून माझ्याबरोबर चालते आहे आणि पुढच्या दारात माझ्याआधी पोचते आहे. बाबा हल्ली, आपल्या घरी तिचा फोटो टेकवून ठेवलाय त्या भिंतीकडे पाठ करून जेवतात. मी विचारलं तर म्हणाले, पाठीवर ऊन घेतोय. तिकडे ऊन येत नाही.

आता होल्म साहेबांचं ऐक. आयांनी शहरातल्या मुलांना हे सांगितलं आणि एकेका मुलाने आईला आमचाच फोन घेऊन पाठवला. तालुक्यात सगळ्यांत जास्त विक्री लियुशीत. ज्या देशात आमचा फोन कुणी फुकट घेत नाही तिथे डोंगरातल्या दात नसलेल्या बायका तो मागून घेतात, म्हणून साहेब बैठकीत जवळजवळ नाचले. मी अहवालात सगळं खरं लिहिलं होतं, तुंगमेईसकट. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि 'कौटुंबिक जिव्हाळा' या सदराखाली घातलं. वरिष्ठांनी मात्र बिघाड म्हणून तो दुरुस्त करायची नवी आवृत्ती पाठवली. गावात ती एकाही फोनवर चढलेली नाही. म्हाताऱ्यांनी फोन बंद करून तांदळाच्या कोठीत पुरले आहेत. पेंग आजीचं मत असं, की तांदळात किडा शिरत नाही तर हे काय शिरणार. (तिच्या तांदळात किडे आहेत. मी पाहिलेत.)

हे सगळं मी हसत लिहिते आहे, पण माझा शब्द तसाच राहिला आहे. आजी म्हणते, माझा फोटो झाला. मी म्हणते, आजी, तो तुझा नाही. ती म्हणते, माझी जागा होती, मी नणंदेला दिली, तुझं काय गेलं? बाबांनी त्यांचा देशी फोन उचलला तर तिने पंख्याने तोंड झाकलं. मी झोपेत काढायला गेले तर डोळे मिटूनच म्हणाली, "बदक मी कधी चोरलं नव्हतं, खरी चोर आत्ता आली." परवा खोकल्याची उबळ आली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता आणि तो वजनाला इतका हलका लागला, की मी घाबरून घट्ट धरला. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही, आत्या. एवढा मोठा कॅमेरा गावात आणला, आणि एकच चेहरा मला हवा होता.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप. रात्रपाळीनंतर उपाशी झोपू नकोस.

तुझी,
रुइछिंग

ता. क. १ – नोकरीची काळजी करू नकोस. मला बढती मिळाली आहे. आता मला आणखी डोंगरी गावं शोधायची आहेत. ग्राहक हा आधी माणूस असतो, हे वाक्य साहेबांनी भिंतीवर लावलं आहे. ते वाचून मला आता पूर्वीसारखं बरं वाटत नाही.

ता. क. २ – हे लिहायचं नव्हतं, पण ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते हेच. काल आजीने बाबांना आजोबांच्या फोटोशेजारी खिळे ठोकायला लावले. एक तुंगमेईचा. एक तिचा स्वतःचा (म्हणजे तिलाही हवा आहे, बघ). मग म्हणाली, अजून एक ठोक. बाबा म्हणाले, आता कोण राहिलं? आजी म्हणाली, "जिने लग्नाचं वय लाइनवर उभं राहून घालवलं आणि तुझ्या पोरीला शिकवलं, ती. तिला घाई नाही. पण खिळा आत्ता ठोक, माझ्यासमोर. मी गेल्यावर तुम्ही म्हणाल, लेकीला माहेरच्या भिंतीवर जागा नसते."  बाबांनी तो खिळा सगळ्यांत खोल ठोकला. तर आत्या, नवव्या महिन्यातल्या नऊ-नऊच्या सणाला रजा घेऊन घरी ये. आजी म्हणते, ती स्वतःच्या तोंडाचा फोटो फक्त तुलाच काढू देणार.

ता. क. ३ – येताना तुमच्या कारखान्यातला फोन आण, सगळ्यांत स्वस्त असेल तो. समोर असेल तेच दाखवणारा, कुणाचा आदर वगैरे न करणारा. (हे होल्म साहेबांच्या कानावर जाता कामा नये.)

ता. क. ४ – सोबत आजीचा म्हणून काढलेला फोटो पाठवते आहे. त्यामुळे तुंगमेईचा खिळा सध्या रिकामा आहे. आजी म्हणते, तुंगमेईने डोंगरापलीकडे काही पाहिलेलं नाही, तिला थोडे दिवस तुझं डोंगगुआन शहर दाखव, खोलीत खिडकीकडे तोंड करून ठेव. आणि येताना आठवणीने बरोबर घेऊन ये. या खेपेला तिला डोंगरावरून एकटीला यायला लावू नकोस, असं आजीचं खास सांगणं आहे.