सतरा त्रुटींचा कागद

डहाणू,
रविवार, सकाळ

प्रिय अक्कास,

विष्णूचा वाकून नमस्कार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू कुणाला पायांना हात लावू देत नाहीस असं कळलं, तेव्हा हा नमस्कार तुझ्या चाळीसगावच्या उंबऱ्याबाहेरच ठेवून घे. गुडघा आता कसा आहे? जिना चढतेस का? (चढत असलीस तर चढू नकोस.) माझी तब्येत बरी आहे. गौरव दर रविवारी बंगळुरूहून फोन करतो, बीपीची गोळी घेतली का विचारतो, मी हो म्हणतो, तो बरं म्हणतो, आणि मग आम्ही दोघं आपापल्या गावच्या हवेबद्दल बोलतो. दोन्हीकडची हवा संपली की फोन ठेवतो.

कळवायची बातमी अशी की मी एक वेबसाइट केली आहे. (हसू नकोस, पुढचं वाच.) कचेरीतून निवृत्त झालो त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी घरातली सगळी कपाटं लावली, दुसऱ्या वर्षी तीच पुन्हा लावली. प्रभा गेल्यापासून मागची खोली बंद असते आणि गौरवची तर त्याच्याही आधीपासून. पूर्वी विजेचा मीटर बघायला यायचा तो माणूस आत येऊन पाणी प्यायचा, मीही त्याला जरा बसवून घ्यायचो. आता मीटर फाटकाच्या खांबावर बसवलाय. तो बाहेरूनच फोटो काढतो आणि मी चपला घालेपर्यंत निघून गेलेला असतो. तेव्हा मनात आलं, इतकी माणसं डहाणूला समुद्र बघायला येतात, त्यांना या दोन खोल्या द्याव्यात. पेन्शन पुरते, पैशांसाठी नाही. पण सकाळी दार वाजवून कुणीतरी गरम पाणी मागावं, एवढ्यासाठी. नाव ठरवलं ‘प्रभा निवास’. आता म्हणे वेबसाइट नसली तर पाहुणा फिरकत नाही. म्हणून मी ती शिकायला गेलो.

क्लास तलासरीला, दर शनिवारी. घरापासून पाच मिनिटांवर डहाणूतही असाच क्लास आहे, तो का नाही लावला असं तू विचारशीलच. तर डहाणूचा क्लास एका तासात संपतो आणि माणूस दहा वाजून पाच मिनिटांनी परत घरी असतो. तलासरीला एसटीने जायचं म्हणजे चारोटीवरून हायवेला लागायचं, विवळवेढ्याला महालक्ष्मीला खिडकीतून हात जोडायचे, शेजारच्याशी बोलायचं, आणि परतीची गाडी चुकली (ती चुकतेच, थोडी मीही चुकवतो) तर सबंध दिवस लागतो. शिकवणारे दीपेश सर माझ्या गौरवपेक्षा लहान. त्यांचा एक नियम आहे. प्रत्येकाने आपलं काम पडद्यावर दाखवायचं आणि बाकीच्यांनी आधी त्यातल्या दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एक सुधारणा. चौतीस वर्षं मी लोकांच्या फायलींवर ‘त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे’ असं लिहीत आलो, त्यात चांगल्या गोष्टींचा रकानाच नव्हता. त्यामुळे हा नियम मला जरा पोरकट वाटला.

पहिला नंबर माझा लागला. ‘प्रभा निवास’ पडद्यावर आलं. पहिल्याच पानावर मी बावीस नियम घातले होते: फाटकाची कडी आतून लावावी, दुपारी एक ते चार आवाज करू नये, ओले पाय घेऊन चादरीवर बसू नये, वगैरे. खाली दोन्ही खोल्यांचे फोटो, चादर ताणून बसवलेली, माणूस एकही नाही. अंगणवाडीच्या जयश्रीबाई म्हणाल्या, अक्षरं मोठी आहेत ते छान, आणि कसं शांत शांत वाटतं. (त्या पुढे काहीतरी दवाखान्याबद्दल बोलणार होत्या, सरांनी थांबवलं.) मग वेवजीची रविना उठली. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, सहसा बोलत नाही. तिने दोन चांगल्या गोष्टी शोधल्या, एकच सापडली, आणि म्हणाली, “काका, यात लोकांना या म्हटलंय का येऊ नका म्हटलंय, तेच कळत नाही. आणि फोन नंबर कुठाय?”

वर्ग हसला. सरही हसले, मग खोकल्यासारखं करून मागे वळले. मीही हसलो. पण बसमध्ये चारोटीपर्यंत माझे कान गरम होते, आणि घरी आल्यावर ते वाक्य कुणाला सांगून हलकं करावं तर घरात कुणी नव्हतं. मग ते आठवडाभर वाढतच गेलं.

पुढच्या शनिवारी रविनाची पाळी आली. तिचा मामा चिमण लग्नांना मंडप, खुर्च्या आणि मोठी भांडी भाड्याने देतो, त्याची वेबसाइट तिने केली होती. ती उघडली मात्र, सनई सुरू झाली आणि बंद करायचं बटण कुठेच नाही. कडेने लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते. मजकूर अर्धा मराठी, अर्धा गुजराती. एका फोटोत सजवलेल्या खुर्चीवर नवरदेवाच्या जागी कुत्रं बसलेलं. माझ्यातला कारकून जागा झाला, अक्का. मी फुलस्केप कागद मागून घेतला आणि एकूण सतरा त्रुटी क्रमांक घालून लिहिल्या, खाली सही केली, तारीख टाकली (सवयीने जावक क्रमांकही टाकणार होतो) आणि दोन चांगल्या गोष्टी न सांगताच कागद तिच्या हातात दिला. तिने तो न वाचताच घडी घालून पिशवीत ठेवला. त्या दिवशी बसमध्ये मला छान झोप लागली.

त्यानंतरच्या शनिवारी रविना आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी मी सरांना सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, ते म्हणाले, फोन लागत नाही, सोडला असेल क्लास. जयश्रीबाई माझ्याकडे बघत होत्या, किंवा मला तसं वाटलं. मला सतरा त्रुटी पाठ होत्या. बारावी तर अशी होती की ‘सदर काम पाहता अर्जदारास या विषयात गती असल्याचे दिसून येत नाही.’ हे मी एका मुलीला लिहिलं होतं, जी घरची कामं आटोपून एवढ्या लांबून शिकायला येत होती. का, तर तिने मला फोन नंबर कुठाय विचारलं म्हणून.

त्याच दिवशी क्लास अर्धा टाकून मी वेवजीची वडाप रिक्षा पकडली. चिमण मंडपवाल्याकडे जायचंय म्हटल्यावर रिक्षातल्या सगळ्यांनी एकदम विचारलं, लग्न कुणाचं? मी गडबडून म्हणालो, माझं नाही. त्यावर एका आजींनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, कर ना मग, अजून चालतोस बरा. वेवजी येईपर्यंत रिक्षावाल्याने मला दोन स्थळं सुचवली होती, त्यातलं एक हद्दीपलीकडचं, गुजरातमधलं.

घरी रविनाची आई होती, बायजी. अंगणात भाताचे भारे रचत होती. तिने मान वर करून विचारलं, “कुठून आलास तू?” इकडे गावातली मोठी माणसं सगळ्यांना तूच म्हणतात, साहेबालाही. पण अक्का, मला ‘तू’ म्हणणारी तूच एक उरली आहेस आणि आपलं बोलणं कधी होतं ते तुला माहीत आहे. मला उत्तरच सुचेना. तिला वाटलं ऐकू कमी येतं. तिने मोठ्याने “बस!” म्हटलं आणि कोरा चहा आणून दिला.

मग रविना विळा घेऊन शेतातून आली, मागून चिमण आला. मी उभा राहिलो आणि रिक्षात मनाशी जुळवलेलं सगळं एका दमात म्हटलं: मी कागदावर जे लिहिलं ते चूक होतं, माझ्यामुळे तू क्लास सोडू नकोस.

“कुठला कागद?” रविना म्हणाली.

तिने क्लास सोडलाच नव्हता. भातकापणी चालू होती आणि फोन पाण्याच्या पिंपात पडला होता. कागद तिने घरी येऊन उघडला होता, पण, “तुमचं अक्षरच लागलं नाही काका. मामा म्हणाला औषधाची यादी असेल.” तीन आठवडे मी ज्याने झुरलो ते कुणी वाचलंच नव्हतं. सुटलो म्हणावं, तर वाईटही वाटलं. आपण कुणाला इतकं दुखवलं हीदेखील माझी बढाईच होती तर.

मी निघणार तेवढ्यात चिमण म्हणाला, आलाच आहेस तर वाचून दाखव, माझ्या धंद्याचं आहे. कागद आला. मी वाचू लागलो आणि वाचता वाचता वाक्यं बदलू लागलो. ‘डोळ्यांस अपायकारक’ होतं तिथे म्हणालो, दिवे जरा कमी चालतील. ‘अत्यंत अशोभनीय’ होतं तिथे म्हणालो, कुत्रं गोड आहे. रविना माझ्या खांद्यावरून बघत होती.

“काका, पाच नंबरला तीन ओळी लिहिल्यात आणि वाचताय तीन शब्द. आहे ते वाचा.”

मग आहे ते वाचलं. बारावीसुद्धा. मग रविनाने एकेक नंबर घेतला, चिडून नव्हे, हिशेबीपणे. मंडपाचे दिवे लुकलुकतात, मग साइटचे का नकोत? गुजराती का, तर निम्मी गिऱ्हाइकं उंबरगाव, संजाणची. कुत्रं चिमणचं, चार गावं त्याला ओळखतात, ते खुर्चीवर दिसलं की लोकांना कळतं मंडप कुणाचा. सनई मात्र बंद करायचं बटण हवं हे तिने मानलं, आणि ‘मंडप’ तीन ठिकाणी ‘मडंप’ झालाय हेही. पिवळ्या अक्षरातला पत्ता पांढऱ्यावर दिसत नाही हे चिमणलाच पटलं. बाराव्या नंबरवर ती थांबली आणि म्हणाली, “हे त्रुटीत बसत नाही. खोडा.” मी खोडलं. तिने खोडलेल्या जागी सही मागितली, तीही केली.

“आता तुमचं,” ती म्हणाली. “नंबर घातलात का?”

नव्हता घातला. विसरलो म्हणणार होतो, पण इतकं खरं वाचून झाल्यावर खोटं बोलायला जड गेलं. मी सांगितलं की नंबर नसला तर फोन का येत नाही याला काहीतरी कारण असतं. नंबर घातला आणि तरी आला नाही, तर मग काय म्हणायचं?

बायजी भारा उचलता उचलता म्हणाली, “नाही आला तर नाही आला. घाल की.”

चिमणच्या मोबाइलवर रविनाने तिथेच तो घातला. माझ्या बावीस नियमांतले वीस काढले. आता आहेत ते तीन: कडी लावा, समुद्राकडून आल्यावर पाय धुवा, चहा मागा. (तिसरा तिने घातलाय, माझ्या यादीत नव्हता.) निघताना बायजीने पिशवीभर नवे तांदूळ दिले. परतीच्या बसमध्ये मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, खाली ठेवायला जागा असूनही.

त्याला आता पंधरा दिवस झाले. रविना क्लासला येऊ लागली आहे. तिने मामाच्या साइटवर ‘पाहुण्यांची राहायची सोय’ म्हणून माझा नंबर दिला, तो लोकांना मंडपाचाच वाटतो. त्यामुळे माझा फोन वाजतो, अक्का! दोनशे खुर्च्या आहेत का, हळदीला मोठं पातेलं मिळेल का. परवा उंबरगावचे एक गृहस्थ वीस मिनिटं गुजरातीत बोलले, मुलीचं लग्न, मनातून खचले होते. मी निम्मं समजून घेतलं आणि निम्म्याला ‘हा, हा’ म्हटलं. ‘प्रभा निवास’मध्ये राहायला अजून कुणी आलेलं नाही. चादरी मात्र आठवड्याला बदलतो.

थोरामोठ्यांना माझा नमस्कार, लहानांना पोटभर आशीर्वाद, आणि जिना टाळ.

तुझा,
विष्णू

ता. क. १ – साइटवर ‘पाहुण्यांचं मत’ नावाचं एक पान आहे, ते कोरं आहे. मी एक मत स्वतःच लिहिलं होतं, सरांनी ओळखलं आणि काढायला लावलं. म्हणून लिहितो की, थंडीत आठ दिवस ये. खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. राहून झाल्यावर जे वाटेल ते लिही. दोन चांगल्या गोष्टी आधी सांगायचं बंधन तुला नाही.

ता. क. २ – वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी नाही. तुझ्या रुचिकाच्या लग्नाची पत्रिका तू पाठवलीस तेव्हा मी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून ती तुला रजिस्टर पोस्टाने परत पाठवली. मला ती गंमत वाटली होती. ती तू स्वतः बसून लिहिली होतीस हे मला नंतर कळलं. मग मी लग्नाला आलो नाही आणि प्रभाच्या तब्येतीचं कारण सांगितलं. ते खरं नव्हतं. प्रभा रोज जा म्हणत होती. तिच्या दहाव्याला तू आलीस, माझ्याशी एक शब्द न बोलता सगळी भांडी घासलीस आणि गेलीस. माझं चुकलं, अक्का. फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी हवेबद्दल बोललो असतो.

ता. क. ३ – माझा पत्ता लिहून, तिकीट लावून एक रिकामं पाकीट सोबत घातलं आहे. लिहिण्यासारखं काही नसेल तर हेच पत्र चुका दाखवून परत पाठव. खूप सापडतील.